फळ्यावरचा पहिला नंबर

गेल्या ऑक्टोबरात, बाजाराच्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता, अंबाजोगाईच्या बसस्थानकाजवळच्या एका चहाच्या हॉटेलातील फळ्यावर अमेरिकेतल्या दहा व्यावसायिक बास्केटबॉल संघांची क्रमवारी लिहिण्यात आली. हंगाम सुरू व्हायला आठ दिवस होते. पहिल्या नंबरवर पोपटी संघ होता. हॉटेलात संघांची नावं कुणी घेत नाही, कपड्यांच्या रंगावरून ओळखतात.

यादी लिहिणारे निवृत्त क्रीडाशिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणतात. निवृत्तीनंतरची ही त्यांची चौथी यादी. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. रोज सकाळी त्या हॉटेलात अंक चाळायला बसतो आणि दर वर्षी यादीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. फोटोंवरून ताडून पाहिलं, तर सरांचा पहिल्या नंबरचा संघ पहिल्या वर्षी दहांत सातवा आला, दुसऱ्या वर्षी नववा, तिसऱ्या वर्षी चौथा. सर याला प्रगती म्हणतात.

क्रमवारी शंभर गुणांची असते. उंचीला तीस, नेमबाजीला तीस, राखीव खेळाडूंना वीस आणि शिस्तीला वीस. शिस्तीचे गुण कडक तपासले जातात. जांभळ्या संघाचे चार गुण गेले, कारण त्यांचे दोन खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी च्युइंगम चघळत होते. करड्या संघाचा प्रशिक्षक खिशात हात घालून उभा राहतो, त्याचे दोन गेले. या निर्णयांवर अपील नाही.

शाळेच्या मैदानात सरांनी उभा करून घेतलेला बास्केटबॉलचा खांब गंजून वाकला होता. त्यांच्या निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी तो काढला. तेव्हापासून त्या भागात बास्केटबॉल हा शब्द लिहिलेली एकच जागा उरली होती. ती म्हणजे हा फळा.

फळा मात्र हॉटेल चालवणाऱ्या काकूंचा होता, आणि त्यांना तो नाश्त्याच्या पदार्थांसाठी हवा होता. त्याला कारण घडलं होतं. धारूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका प्रवाशाने फळा वाचून "तीन नंबरची एक प्लेट" मागितली होती.

"सर, तीन नंबरला तुमचा निळा संघ हाय," काकू म्हणाल्या. "त्याला मी काय देऊ? तळून देऊ का?"

"हंगाम संपेपर्यंत थांबा."

"तुमचा हंगाम संपंपर्यंत माजी पुरी-भाजी कुनाला कळायची न्हाई."

यावर तोडगा निघाला तो असा. दहा सामने झाल्यावर पोपटी संघ या दहांपैकी पहिल्या चारांत असला, तर फळा वर्षभर सरांचा. नसला, तर काकूंचा. साक्षीदार म्हणून मी होतो. सरांनी होकार दिला आणि "पोपटी" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

त्याच वेळी मामा आले. मामा धारूरच्या वाटेवरच्या डोंगरात शेळ्या-मेंढ्या राखतात आणि बाजाराच्या दिवशी जनावरं विकायला येतात. बाजारात जाण्याआधी ते इथे चहा घेतात. सरांनी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. पोपटी संघाच्या सराव सामन्याची क्लिप होती. सरांच्या यादीचा सगळा भार ज्या खेळाडूवर होता तो, पाठीवर इंग्रजी अकरा आकडा असलेला उंच गडी, चेंडू घेऊन उडी मारत होता आणि कडीला लोंबकळत होता.

"बघा मामा. असा गडी जिल्ह्यात आहे का?"

मामांनी बशीतला चहा संपवला. "उडी न्हाई, सर. उडी मारल्यावर माघारी चालत येतोय का न्हाई, ते दावा."

सरांनी क्लिप मागे नेऊन पुन्हा लावली. मामांनी ती दोनदा पाहिली.

"उजव्या पायावर भार देईना ह्यो. लई जपून टेकतोय. ह्याला म्या घेतला नसता."

"मामा, ते बकरं नाही."

"पाय तो पायच की, सर."

"कोट्यवधी देऊन घेतलाय त्याला. तिथे डॉक्टर तपासतात, यंत्रं लावतात."

"यंत्रानं चालवून बघितला का?"

बाजारात उभं जनावर कुणी विकत घेत नाही. आधी दहा पावलं चालवायला लावतात, गिऱ्हाईक मागे उभं राहून बघतं, मगच भाव बोलला जातो. मामांचा प्रश्न त्या अर्थाने रीतसर होता. सर हसले. काकूही हसल्या, पण त्यांनी त्याच दिवशी नव्या खडूंची डबी आणून गल्ल्याशेजारी ठेवली.

हंगाम सुरू झाला. सामने आपल्याकडे सकाळी असतात, त्यामुळे निकाल चहासोबत कळत. पोपटी संघाने पहिले चारही सामने जिंकले. त्या चार दिवशी सरांनी सगळ्यांना चहाचा आग्रह केला आणि काकूंना खडूचा भाव विचारला. पाचव्या सामन्यात अकरा नंबर मध्यंतरानंतर मैदानात आला नाही. सहाव्याला तो साध्या कपड्यांत बाकावर बसला होता. दहा सामने झाले, तेव्हा पोपटी संघ दहांत आठवा होता.

त्या सकाळी काकू ओलं फडकं घेऊन फळ्याजवळ आल्या. सरांनी हात आडवा केला.

"थांबा. दुखापत ही नशिबाची गोष्ट आहे. ती यादीची चूक धरता येत नाही. आधी कुणाला दिसली असती, तर गोष्ट वेगळी."

"मामाला दिसली व्हती की," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी बाजार होता. मामा बाकावरच होते. त्यांनी बशीत चहा ओतला.

"मामांनी उजवा पाय सांगितला होता," सर म्हणाले. "पत्रकार, बातमी वाचा."

मी संघाच्या पत्रकावर आधारलेली बातमी वाचली. दुखापत डाव्या घोट्याला होती आणि जुनी होती.

"डावा," सर म्हणाले. "म्हणजे मामांचाही नेम चुकला. फळा राहील."

मामा म्हणाले, "सर, चाळीस वर्सं जनावरांचे पाय बघतोय. उजवा व्हता तो."

"पत्रक खोटं आहे का मग?"

"ते मला काय म्हाईत? मी बघितला त्यो उजवा."

काकू फडकं हातात घेऊन थांबल्या. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सरांचा मोबाइल मागून घेतला. क्लिप अजून त्यात होती. ती मी मोठी करून थांबवत थांबवत पाहिली. तिसऱ्या मिनिटाला समोरच्या संघाचा एक खेळाडू कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्या पाठीवरचा चोविसाचा आकडा आरशात दिसतो तसा उलटा होता. असे तुकडे चोरून इंटरनेटवर टाकणारे लोक पकडले जाऊ नयेत म्हणून चित्र उलटं फिरवतात. त्यात डावं ते उजवं दिसतं. अकराचा आकडा उलटा केला तरी अकराच दिसतो, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी मोबाइल सरांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.

"म्हणजे पडद्यावरचा उजवा तो खरा डावा," ते म्हणाले.

"मग मी काय म्हनत व्हतो?" मामा म्हणाले.

सरांनी काकूंच्या हातातून फडकं घेतलं आणि फळा स्वतः पुसला. दहाव्या नंबरपासून वर पुसत गेले. पोपटी शेवटी पुसला. मग खडू काकूंना दिला. काकूंनी तो परत केला आणि म्हणाल्या, "अक्षर तुमचंच चांगलं हाय. ल्ह्या. पुरी-भाजी, पोहे, मिसळ." सरांनी लिहिलं. मिसळीवरचा अनुस्वार काकूंनी सांगितला होता, तो त्यांनी दिला नाही. तो लागत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

वर्षभर फळ्यावर नाश्ता राहिला. अक्षर सरांचं.

या ऑक्टोबरात, हंगामाच्या नऊ दिवस आधी, सर मोबाइल घेऊन जनावरांच्या बाजारात गेले. मीही सोबत होतो. मामा शेळ्यांची दावी हातात धरून लिंबाखाली बसले होते. सरांनी त्यांना दहाही संघ दाखवले. प्रत्येक क्लिपमधले पाठीवरचे आकडे सुलटे आहेत ना, हे आधी मी तपासलं.

"उड्या पुढं ढकला," मामा प्रत्येक वेळी म्हणत होते. "चालताना दावा."

मध्ये एक गिऱ्हाईक आलं. शेळी चालवून बघितली, दात बघितले, मग वाकून मोबाइलमध्येही बघितलं.

"ह्यो कितीला?" त्याने विचारलं.

"इकायचा न्हाई," मामा म्हणाले.

दोन तास लागले. मामांनी दोन खेळाडू नापास केले. त्यांतला एक सरांच्या पहिल्या नंबरच्या संघातला होता. सर त्यावर बराच वेळ बोलले. मामा ऐकत राहिले, पण त्यांनी मत बदललं नाही.

यंदाची यादी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली आहे. काकूंनी ती फळ्याखाली खिळ्याला लावू दिली. शिस्तीचे गुण वीसवरून दहा झाले आहेत. उरलेल्या दहा गुणांसाठी नवा रकाना आहे. त्याचं शीर्षक "चालवून पाहिले" असं आहे.