टेबलावरचा डोंगर

बिल्डिंगखाली पडलेली खडी आणून मी टेबलावर वीतभर डोंगर रचला. वर माती लिंपली, अळीव पेरले. ते हिरवे झाल्यावर मागे निळी चादर टांगली आणि कॅमेरा अगदी खाली ठेवून फोटो काढला. डोंगर थेट आभाळाला भिडला.

गावाहून आलेल्या आत्याने तो फोटो पाहिला. "अगं, हा तर आपला डोंगर! देवळाकडून काढलास ना?"

आमचा डोंगर खाणवाल्यांनी कधीच फोडून नेला, हे तिलाही ठाऊक आहे. डोंगर फोडायचा, त्याच्या खडीची घरं बांधायची आणि त्या घरांत बसून हौसेने खोटे डोंगर करायचे. वर त्याला कला म्हणायचं!

मी तिला टेबलाशी नेलं. आत्याने वाकून अळिवाखालची खडी चाचपली. मग म्हणाली, "हा तरी फोडू नका."