दर हंगामाला नवी

बायनाबाई सेलूच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पाच हंगाम राबली, आणि पाचही हंगाम तिची हजेरी 'नवी बाई' म्हणूनच लागली. नव्या बाईला रोज तीन आणे, जुनीला सहा. मुकादम बन्सीधर दिवाळीनंतर बाया कामाला घ्यायचा, होळीला काढून टाकायचा आणि पुढच्या दिवाळीला त्याच बायांना नव्या म्हणून पुन्हा उभं करायचा. मालक त्याच्यावर खूश होता.

लढाईचे दिवस. ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायची, उरलेली महाग. बायनाबाईचा नवरा पटकीत गेलेला. घरात ती आणि सासू कमलबाई. तीन आण्यांत एकीचं पोट कसंबसं निघायचं. सासू म्हणायची, मला भूकच न्हाई, तू कामाची हायस, तू खा. पौषात ती आडवी पडली. तेव्हा बायनाबाईनं मुकादमाला गाठून जुन्या बाईचा दर मागितला.

बन्सीधर पानाला चुना लावत होता. "तीन आण्यांत पोट भरतंय की," तो म्हणाला. "न्हाई भरत, तर म्हातारी कशाला पोसायलीस?"

भोवतालची माणसं हसली. त्याच आठवड्यात म्हातारी गेली. अंघोळीला उचलताना बायनाबाईला ती लेकरासारखी हलकी लागली. तिनं रडून घेतलं आणि तेरावं झाल्यावर मुकाट्यानं कामावर परत गेली. बन्सीधरला वाटलं, वठणीवर आली.

गावाच्या दुसऱ्या टोकाला विरुपाक्षप्पांनी नवा जिन टाकला होता. यंत्रं आली होती, हात कमी पडत होते. बायनाबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. बाया मी आणते, म्हणाली, पण पहिल्या दिवसापासून सहा आणे. अप्पांनी विचारलं, यात तुझा काय फायदा? माझं मला ठावं, एवढंच ती बोलली.

मग ती बन्सीधरच्या हाताखालच्या एकेकीच्या घरी गेली. शेजारची चतुराबाई भीत होती. हे बी गेलं आन ते बी गेलं तर काय खावं, म्हणाली. बायनाबाई तिच्या दारातून हललीच नाही, शेवटी तीही कबूल झाली. माघात कापसाच्या गाड्यांची रांग लागेपर्यंत बायनाबाईनं दम धरला. आणि ऐन गर्दीच्या सकाळी बन्सीधरच्या जिनाचा भोंगा झाला, तेव्हा एकही बाई आत आली नाही.

दुपारपर्यंत शेतकऱ्यांनी गाड्या वळवल्या. बायनाबाई अप्पांच्या जिनात यंत्राला कापूस लावत होती. दारातून येणारी एकेक गाडी पाहून तिचा ऊर निवत होता.

दोनतीन दिवसांत बन्सीधर तिच्या अंगणात आला. तिनं त्याला बस म्हटलं नाही. सगळ्यांना सहा आणे देतो, तो म्हणाला. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं आणि त्याला तेच पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाली, "मालकाला सांगा, बाया येतील. पण तुमी तिथं असंस्तोवर एक बी येणार न्हाई."

हे मालकापर्यंत तिनं दुसऱ्या तोंडूनही पोचवलं. मालकानं बन्सीधरला काढला. चतुराबाई आणि निम्म्या बाया सहा आण्यांवर जुन्या जिनात परतल्या. बायनाबाई गेली नाही.

सेलूत बन्सीधरला कुणी उभं केलं नाही. पूर्णा स्टेशनावर तो पोती उचलतो, असं कानावर आलं, तशी तिनं एक दिवसाची मजुरी बुडवली आणि तिकीट काढून गाडीत बसली. तो मालधक्क्यावर होता, पाठीवर पोतं घेऊन वाकलेला. तिला पाहून त्यानं मान खाली घातली. ती समोरच बसली, फडक्यातली भाकर सोडली आणि परतीची गाडी येईपर्यंत त्याच्याकडे बघत सावकाश जेवली.

घरी आल्यावर चतुराबाईनं विचारलं, झालं का आता समाधान?

"न्हाई," बायनाबाई म्हणाली. "पुढल्या महिन्यात पुन्हा जाणार हाय."

आणि ती गेली.