स्टेडियममध्ये मॅच कधी?

स्टेडियमच्या बुकिंग खिडकीत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच रांग लावून येतात, आणि खिडकी बंद केली तर फोनवर येतात! मला मुळात एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, "हिच्या पायाला भिंगरी आहे." अहो, पण आमचं मैदान तरी कुठे स्वस्थ बसतं? सुरत शहराचं, पालिकेच्या मालकीचं स्टेडियम. बांधलं क्रिकेटसाठी. मग त्यात गरबा झाला, साड्यांचं प्रदर्शन झालं, पोलीस भरतीची धावाधाव झाली, लग्नांचं पार्किंग झालं. परवा एकाने फोनवर विचारलं, "बेन, तुमच्याकडे खेळायचंसुद्धा काही असतं का?" मी फोन ठेवला आणि मैदानाला दोन फेऱ्या मारून आले.

*

पूर आला होता तेव्हा कितीतरी कुटुंबं आमच्या गॅलरीत राहिली होती. त्यातल्या लिंबायत वस्तीतल्या एक मावशी खूप वर्षांनी जावयाला घेऊन कबड्डी बघायला आल्या. गेटवरच्याने तिकीट विचारलं. मावशी उसळल्या, "स्वतःच्या घरात तिकीट काढू का मी?"

सगळ्यांना बाजूला सारून त्या सरळ सातव्या पायरीवर गेल्या. "जावईबापू, बसला आहात ना, तिथं माझी चूल होती!" जावयाने पटकन पाय वर घेतले. खेळ संपेपर्यंत बिचारे मांडी घालूनच बसले.

*

सकाळी चालायला येणाऱ्यांचे दोन पक्ष. एक उजवीकडून फिरणारा, एक डावीकडून. रोज धडका, रोज भांडणं. शेवटी दोन्हीकडचे लेखी अर्ज घेऊन माझ्या खिडकीवर! एका काकांनी तर डॉक्टरची चिठ्ठीच जोडली होती, 'रुग्णास डावीकडून चालणे हितकारक.'

साहेबांनी तोडगा काढला. विषम तारखेला उजवीकडून, सम तारखेला डावीकडून. महिनाभर शांतता! मग एकतीस तारीख आली, आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख. दोन्ही विषम. डावीकडचे सगळे खिडकीवर येऊन ओरडायला लागले, "सळंग बे दिवस अन्याय!"

*

आता आबांबद्दल सांगते. आबा म्हणजे आमचे पिच सांभाळणारे. मूळचे धुळ्याकडचे, राहायला उधन्यात. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, गवत कापायचं, आणि पिच तयार झालं की नेमका त्यावर कुणाचा तरी मांडव उभा राहायचा. वर्षानुवर्षं हेच. बाकी सगळे बाजूच्या मॅटवर खेळायचे. आबांच्या मातीच्या पिचवर धड मॅच झालीच नाही.

एकदा प्रदर्शनवाल्यांनी भर पिचवर बांबू रोवला. आबा धावत गेले. मांडववाला म्हणाला, "काका, एक ज खाडो छे ने!"

आबा म्हणाले, "खड्डा एकच शे. पन बॅट्समनले आउट व्हवाले बॉल बी एकच लागस!"

त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. डोळ्यांत पाणी. "माय, या महिनाअखेर मी रिटायर. एक मॅच तरी पाहू दे मना पिचवर."

तिथल्या तिथे मी महिन्याचा शेवटचा रविवार रजिस्टरमध्ये शाईने लिहून टाकला, 'क्रिकेट.'

*

पुढचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला! दोन लग्नं परत पाठवली. एक साड्यांचा सेल परत पाठवला. एका पुढाऱ्याच्या माणसाला सांगितलं, गटार फुटलंय. फोन वाजला की धस्स व्हायचं. दर तासाला उठून मैदानावर बघून यायचे, कुणी बांबू तर नाही ना आणला. आबा मात्र पिचवर ओणवे. एकेक दगड बोटांनी वेचत होते. माझ्याकडे बघायलासुद्धा त्यांना वेळ नव्हता.

रविवार उजाडला. लिंबायतच्या लूमवाल्यांची टीम एकीकडे, सचिन गावच्या डाइंगवाल्यांची दुसरीकडे. आबा इस्त्रीचा शर्ट घालून बाउंड्रीवर बसले होते, शेजारी मी. मला कुठलं बसवतंय! उभीच होते.

टॉस झाला. बॉलर खिळ्यांचे बूट घालून लांबून धावत निघाला. आणि आबा एकदम उठले, दोन्ही हात वर करून भर मैदानात पळत सुटले! अंपायर थांबला, बॉलर थांबला. आबांना काही झालं की काय, म्हणून मीही मागे पळाले.

आबा पिचच्या मधोमध गुडघ्यांवर बसले. मातीवर तळहात फिरवला. मग बॉलरच्या बुटांकडे बघितलं.

लिंबायतचा कॅप्टन वाकून म्हणाला, "आबा, काय झालं? पिच तयार नाही का?"

"तयार शे ना भाऊ. एक नंबर शे." आबांनी पुन्हा एकदा मातीवरून हात फिरवला. "पन मी रिटायर व्हयनू का, मंग खेळा."