गिअरबॉक्सचे पाइप आणि नाल्यापलीकडची आत्या

तुमच्या गावातल्या आजारी माणसाला दवाखान्यात कोण पोचवतं? सरकार, की एखाद्या शेजाऱ्याची जुनी गाडी? आमच्या गावानं या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं हसत दिलं आहे. "गुरुजीची गाडी हाय ना."

गुरुजी म्हणजे माझे बाबा, निवृत्त शिक्षक. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगु मंडलात, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यात, असलेल्या आमच्या गावाला रस्ता आहे, पण मधे नाला आहे आणि नाल्यावर पूल नाही. पावसाळ्यात बस, ऑटो आणि सरकारी अँब्युलन्स, सगळे अलीकडच्या काठावर थांबतात. पाण्यातून, दगडांवरून पलीकडे जाते ती एकच गाडी. बाबांनी ती मंचेरियलच्या एका ठेकेदाराकडून घेतली, तेव्हाच म्हातारी झालेली. चारही चाकं ओढणारी, आणि ऑटोमॅटिक. निवडणुकीच्या ड्युटीवरून येताना झालेल्या अपघातात बाबांचा डावा पाय गेल्यासारखाच झाला. त्यांना क्लच दाबता येत नाही, म्हणून ही गाडी.

गाडीचं पहिलं काम आत्याचं. बाबांच्या या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा तिला आदिलाबादला डायलिसिसला न्यावं लागतं. एक पाळी चुकली तर अंगात पाणी साचतं, श्वास पुरत नाही. त्यानंतर जो कोणी सांगेल त्याचं काम. साप चावलेला, बाळंतपणाला अडलेली, सगळ्यांना बाबा नेतात. भाडं घेत नाहीत. मी लहानपणी त्यांच्या शिक्षक संघटनेची पत्रकं घड्या घालून गठ्ठे बांधत वाढले. गरिबांच्या अडीनडीला उभं राहण्याबद्दल त्या पत्रकांत जे छापलेलं असे, तेच ते स्टिअरिंगवर बसून करत होते. मला त्याचा अभिमान होता. आता अभिमानाच्या जागी काय आहे, ते पुढं सांगते.

आदिलाबादहून परतताना गाडीत खताची पोती येत. वरच्या आळीतले पटेल फोन करत, "गुरुजी, गाडी रिकामीच येऊन राह्यली ना? चार पोते टाका." बाबा टाकत. मागची जागा भरली की पुढच्या सीटच्या पायाशीही एक पोतं. फाटक्या पोत्यातून युरिया सांडे. बाबा बादलीनं गाडी धूत आणि ते पाणी तळाच्या भोकातून खाली गिअरबॉक्सवर गळे.

तिथं आत्यानं कापूस गुंडाळलेला होता. गिअरबॉक्सचं तेल तापतं. ते थंड व्हायला दोन बारीक लोखंडी पाइपांतून पुढच्या रेडिएटरपर्यंत जातं आणि परत येतं. नाल्यातले दगड उडून हे पाइप वाजत, म्हणून आत्या दर पावसाळ्याआधी गाडीखाली आडवी व्हायची आणि जळक्या तेलात भिजवलेला कापूस त्यांच्याभोवती घट्ट वळायची, वरून सुतळी. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपालाही असंच करतात. कापूस घरचा, हात कापसाचेच. तिनं आयुष्यभर पटेलांच्याच शेतात कापूस वेचला आहे.

यंदा आषाढात डायलिसिसहून येताना गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबली. इंजिन ओरडत होतं, चाकं जागची हलत नव्हती. खाली दगडांवर लाल ओघळ.

"दादा, हे रगत कोनाचं?" आत्यानं विचारलं.

"तेल हाय माय, गिअरचं."

"मंग बरं. मले वाटलं मायंच सांडलं."

ती हसली. मी तिला धरून गुडघाभर पाण्यातून पलीकडे नेलं. गाडी एका लॉरीनं ओढत आदिलाबादला नेली. आता गाडी तिकडे, आत्या इकडे, मधे नाला, आणि तिची पुढची पाळी तीन दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर गॅरेजमध्ये गेले. मिस्त्रीनं सुतळी कापली. कापूस काळा आणि चिकट होता, आतून पांढरी पूड निघाली. त्यानं पाइपावर नखानं टिचकी मारली आणि लोखंडाचे पापुद्रे गळून पडले.

"गुरुजी, इसको पाइप नको बोलो. पापड बोलो. किसने रुई लपेटी? पानी और खाद पकडके बैठी थी."

"मैंने लपेटी," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मी म्हटलं, मधे रबरी नळी जोडा, आज निघता येईल. मिस्त्रीनं मला गिअरबॉक्सपाशी टॉर्च धरायला सांगितलं. तिथला नटही गंजून पाइपाशी एकजीव झाला होता. पाना लावला तसा तुटून आतच राहिला. म्हणजे तो कोरून काढायचा, दोन्ही पाइप नवे आणायचे, जुन्याच्या मापानं वाकवायचे, टोकं पसरवून बसवायची. "परसों के बाद," तो म्हणाला. आत्याची पाळी परवा होती.

बसमध्ये बाबा एवढंच बोलले, "कापसाचं तिले सांगू नको." आम्ही सांगितलं नाही, पण गाडी परत आल्यावर उघडे पाइप पाहून तिला आपोआप कळलं. हा मजकूर मी तिला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "लिव्ह. पन युरियाचंबी लिव्ह."

पाळीच्या दिवशी सकाळी बाबा आणि मी पटेलांच्या दारात गेलो. ट्रॅक्टर अंगणातच उभा होता. ट्रॅक्टर नाला ओलांडतो. आत्याला नुसतं पलीकडे न्यायचं होतं, पुढं ऑटो मिळाला असता.

"गुरुजी, आज शेतात तनाची डवरणी चालू हाय," पटेल म्हणाले. "ट्रॅक्टर सोडला तर मजूर बसून राह्यतीन."

"अर्ध्या घंट्याचं काम आहे, पटेल," मी म्हणाले.

"पोरी, तू लई शिकलेली. अर्धा घंटा तुले कागदावर दिसते." मग बाबांकडे वळून, "गाडी कवा येते? खत संपलं न मायं."

बाबा म्हणाले, "येईन दोन दिवसांत." आणि पायऱ्या उतरले. मीही त्यांच्यामागून रस्त्यावर आले.

पाणी चढलेलं होतं, आत्याला उचलूनही नेता येईना. पाळी गेली. तिचे पाय सुजले, मग चेहरा. आडवं झालं की श्वास कोंडे, म्हणून ती भिंतीला टेकून बसून राही. "काऊन तोंड पाडून बसली?" ती मला म्हणे. "म्या काय आजच चालली?"

गाडी आली आणि आम्ही तिला थेट नेलं. डॉक्टर बाबांवर तडकले. "आप टीचर थे ना? टर्न क्यूँ मिस किया?" बाबा वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. ना नाल्याचं सांगितलं, ना ट्रॅक्टरचं. आत्या वाचली. पण हृदयावर ताण आला आहे, पुन्हा पाळी चुकवू नका, असं डॉक्टर म्हणाले.

परतायच्या वेळी पटेलांचा फोन आला. खताची पोती. बाबांनी मागं प्लास्टिक अंथरलं आणि पोती ठेवून घेतली. मी विचारलं, अजूनही?

"नाही म्हनलं तर तो सुधरते का? त्याच्या घरचा पेशंट तर मी सोडनार नाही ना."

मी गाडीतून उतरले आणि बसनं नाल्यापर्यंत आले.

तिथं उभी राहून मी ठरवलं की मला पटेलांचं मन बदलायचं नाही. ते बदललं तरी उद्या त्यांच्या मुलाचं तसंच राहील. बाबांची गाडीही मला आता नको आहे. तिच्या भरवशावर आमच्या गावानं आजवर पूल मागितला नाही. ज्यांना मागायचा होता त्यांची मागायला जाण्यात रोजी बुडत होती, ज्यांचं मागणं ऐकलं असतं त्यांची पोती येत होती. बाबांचा चांगुलपणा सगळ्यांना सोयीचा होता, सरकारला सर्वांत जास्त. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. मग मी लिहिलेल्या पुलाच्या अर्जावर पहिली सही त्यांनीच केली.

आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत दर सोमवारी लोकांचं ऐकून घेतात. येत्या सोमवारी आत्या येणार आहे, खुर्चीवर बसवून न्यावं लागलं तरी. तुमच्याही गावासमोर असा नाला असेल, तर गाडीवाल्या भल्या माणसाचे आभार मानून घरी बसू नका. त्या सोमवारी एक दिवसाची रोजी सोडा, घरातला आजारी माणूस सोबत घ्या आणि आमच्या रांगेत येऊन उभे राहा.