रिकाम्या पोटाची तपासणी

सोलापूरला परत आल्यावर पहिली काही वर्षं मी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली. कातडी गेलेलं शरीर नुसतं पडून असलं तरी किती ऊर्जा जाळतं, हे मोजणं माझं काम. रुग्णाच्या डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट ठेवायचा आणि अर्धा तास निजवून ठेवायचं. श्वासावरून यंत्र सांगतं, शरीर चरबी जाळतंय की साखर. पुढे तेच यंत्र मी यकृताचा तुकडा दान करणाऱ्यांसाठी वापरायला लागले. यकृतात चरबी असेल तर आहार बांधून ती उतरवायची, मग प्रत्यारोपणासाठी पुण्याला पाठवायचं. मला यश येत होतं, आणि मला त्याचा माज होता.

सांगोल्याकडची एक बाई सासूबरोबर आली. पस्तिशीची, अंगानं भरलेली. नवऱ्याचं यकृत दारूनं गेलेलं. सासूला मधुमेह, धाकट्या दिराच्या मागे धंदा, म्हणून हिला आणलेली. दात्याला एकटीला बोलावून विचारायचा नियम आहे. मी विचारलं, "स्वतःच्या मर्जीनं देताय ना?"

तिनं बंद दाराकडे बघितलं. "व्हय," म्हणाली. मी फॉर्मवर खूण केली.

तपासताना मानेपासून दंडापर्यंत जुना व्रण दिसला.

"हे कशानं?"

"तेल सांडलं."

सांडलेलं तेल ओघळतं, फेकलेलं तेल शिंतोडे मारतं. एवढं मला त्या वॉर्डानं शिकवलं होतं. मी लिहिलं, 'जुना भाजल्याचा व्रण', आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

दर आठवड्याला तिनं सकाळी उपाशीपोटी यायचं ठरलं. पहिले दोन आठवडे चरबी छान उतरत होती. तिसऱ्या आठवड्यात यंत्रानं साखर दाखवली. चौथ्यातही.

"काय खाऊन आलात?"

"काय न्हाय."

"यंत्र खोटं बोलत नाही."

पदराची गाठ सोडून तिनं गुळाचे तीन खडे टेबलावर ठेवले. एक अर्धा चघळलेला होता.

"चरबी ऱ्हायली तर माजं घेत न्हाईत, असं नर्सबाई बोलत हुत्या," ती म्हणाली. मग आवाज आणखी खाली आणून, "मॅडम, तुमीच लिवा की, हिचं जमत न्हाय म्हणून. मला त्या घरात परत जायचंय, माज्या तोंडानं कसं सांगू?"

लिहिता आलं असतं. दात्याच्या मनात नसेल तर वैद्यकीय कारण देऊन त्याला सोडवायचं, ही आमच्यातली जुनी रीत आहे. खोटंही ठरलं नसतं, यकृतात अजून चरबी होतीच. पण आधीच्या आठवड्यांच्या नोंदी माझ्या हाताशी होत्या, आणि तिच्याइतकी सुंदर उतरती रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी दार उघडून सासूला आत बोलावलं आणि गूळ तिच्यासमोर सरकवला.

सासू ओरडली नाही. "माज्या लेकराचा जीव चाललाय," ती म्हणाली, "आन् ही गोड खाती."

"हिला इथं भरती करा," मी म्हटलं. "जेवण मी बघते."

चार आठवडे ती वॉर्डात होती. उकडलेली डाळ, अर्धी भाकरी, व्हरांड्यात फेऱ्या. नर्स तिची उशी आणि पदर तपासायची. माझ्याशी ती बोलेनाशी झाली. शेवटच्या तपासणीनंतर पडद्यावरचं चित्र दाखवत मी तिला म्हटलं, "बघा, किती स्वच्छ झालंय." ती चित्राकडे न बघता म्हणाली, "मग कवा कापायचं?"

पुण्यात शस्त्रक्रिया झाली. नवऱ्याच्या शरीरानं तो तुकडा स्वीकारला. तिच्या पोटात मात्र पित्त झिरपलं, पू झाला आणि तिला दुसऱ्यांदा उघडावं लागलं.

वर्षभरानं सासू घरच्या बागेतली डाळिंबं घेऊन आली. लेक आता स्वतः मोटरसायकल चालवतो म्हणाली. मी आधी त्याचेच रिपोर्ट मागितले, सगळे बघितले. मग सुनेबद्दल विचारलं.

"तिला घागर बी उचलवंना. माहेरी धाडली. त्याचं दुसरं बघतोय."

"एकदा मोजायला घेऊन याल का तिला? माझी एक नोंद राहिलीय."

"आता तिला कोण आणतंय?" सासू सहज म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

मी वही काढून तिच्या नावापुढे लिहिलं, 'पुन्हा आली नाही'. मग एक डाळिंब फोडलं. दाणे गोड होते.