बिळातली बाजरी

बीळ उकरण्याआधी मावशी खुरप्याच्या मुठीने जमिनीवर दोनदा ठोकायच्या आणि विचारायच्या, "हाय का कुणी घरात?" उंदराची परवानगी घेऊन त्याच्या घरात शिरणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. तुम्ही पाहिली असेल तर तुम्ही भाग्यवान.

पिशोरच्या पुढच्या एका गावात मी कृषी सहायक होतो. मावशींना जमीन नव्हती. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन बिडकीनला. सुगीत त्या लोकांच्या शेतावर कापणीला जात आणि बाजरी निघाली की मोकळ्या रानात बिळं उकरत. उंदराने तोडून साठवलेली कणसं काढायची, घरी आणून बडवायची, पाखडायची. उंदराचं घर आयतं मोडतंय म्हटल्यावर शेतकऱ्यांचीही ना नसे. मावशींची हिवाळ्याची भाकर त्यावरच चाले.

प्रत्येक बिळात त्या चार कणसं मागे ठेवत. मी एकदा चिडवलं की आम्ही उंदीर मारायला सांगतो आणि तुम्ही त्याला डबा बांधून देता. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "लेकुरवाळी असती साहेब. समदं कसं न्यावं?" आमच्या खात्याच्या पत्रकात याला उत्तर नव्हतं.

मग ते उंदरांचं वर्ष आलं. उभ्या मक्याची ताटं बुडातून कुरतडलेली, ठिबकच्या नळ्यांची चाळण, घरात बियाण्याच्या पिशव्यांपासून गोधड्यांपर्यंत काही शिल्लक नाही. उंदरांच्या मागून साप आले. माणसं जेवायला बसली तरी पाय वर घेऊन बसत. एका बाळाच्या पायाला उंदीर चावला, तेव्हा त्याची आई तशीच उठून माहेरी निघून गेली.

ग्रामपंचायतीत बैठक झाली. एकट्याने औषध टाकलं तर उंदीर शेजारच्या शेतात जातात, म्हणून सगळ्यांनी एकदम टाकायचं ठरलं. पहिले दोन दिवस बिळात नुसता तेल लावलेला भरडा, उंदरांना चटक लागली की तिसऱ्या दिवशी त्यातच विष. कोंबड्या कोंडा, गुरं बांधा, पोरं रानात सोडू नका, हे सांगत मी खातेदारांच्या यादीतलं एकूण एक घर पालथं घातलं. मावशी खातेदार नव्हत्या. त्यांचं घर यादीत नव्हतं आणि माझ्या डोक्यातही आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर पुरायला माणसं घेऊन गेलो, तर बाजरीच्या रानात बिळं ताजी उकरलेली. प्रत्येकात चार कणसं.

गाडी दामटत त्यांच्या घरी पोचलो. चूल पेटलेली, तव्यावर भाकर. खाल्लं का, एवढंच मी दारातून विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "अजून नाय. बसा, तुमाला बी देते." मी सगळं सांगितलं. त्यांनी भाकर तव्यावरून काढून जमिनीवर ठेवली, कोंबडी जवळ येताना दिसली तशी झटकन उचलली. कालची बाजरी कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. महिनाभर जमवलेली बाजरी त्यातच होती आणि कालची तिच्यातच ओतली होती.

"मला कुणी सांगितलं नाय, साहेब." आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चूक माझी आहे, मावशी."

"व्हय," त्या म्हणाल्या.

त्यांनी कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या आणि घरामागे खड्डा खणायला घेतला. मी कुदळ मागितली, त्यांनी दिली नाही. कमरेइतका खड्डा झाल्यावर परातीतलं पीठ, भाकर आणि तो डबा आम्ही त्यात रिकामा केला. ढीग एका बाजूला कलला, तर सवयीने सारखा करायला त्यांचा हात पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी मी बाजरीचं एक पोतं नेऊन दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. पण त्या पुन्हा रानात गेल्या नाहीत. आमच्यात औषध नाही, या, असं लोक सांगत, तेव्हा त्या नुसती मान हलवत. आता कुणाच्या शब्दावर बिळात हात घालायचा, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी उंदीर पुन्हा वाढले. पुन्हा बैठक, पुन्हा तारीख. तारीख ठरताच मी पंचायतीच्या शिपायाला म्हटलं, यादी राहू दे, आधी मावशींना सांगून ये. तो अर्ध्या तासात परत आला. दाराला कुलूप होतं. आठवड्यामागे मुलगी येऊन त्यांना बिडकीनला घेऊन गेली, आता काही त्या परत येत नाहीत, असं शेजारणीने सांगितलं होतं.

शिपाई जाईना. दारातच उभा राहिला.

"मग ह्यो निरोप कुणाला देऊ, साहेब?"