चिचगडच्या यादीतलं एक नाव

फुलचूरच्या आमच्या राईस मिलमध्ये दरवर्षीच्या नेत्रशिबिराच्या याद्या माझ्याकडे असतात. खुर्च्या, पाण्याचे कॅन, बॅनर, डॉक्टरांचं जेवण, आणि तपासणीला येणाऱ्यांची नावं. हे शिबिर सामाजिक जबाबदारीच्या खर्चात बसतं, म्हणून नियम एकच: लाभार्थ्यांत मिलचं माणूस नको. त्या नियमाचा कागद टाइप करून ऑफिसात मीच लावला होता.

त्या वर्षी शिबिर चिचगडला होतं. आमच्याकडे तांदूळ निवडणारी एक बाई तिथलीच. आधीच्या रविवारी ती गावी जाऊन घरोघरी फिरली, ‘आमची मिल डाक्टर आणून रायली’ असं सांगत. सकाळी पोचलो तर शाळेत इतकी माणसं की खुर्च्या कमी पडल्या. म्हाताऱ्यांना हाताला धरून तीच रांगेत उभी करत होती. इतक्या वर्षांत मिलचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

दुपारी रांगेच्या शेवटी ती स्वतः उभी राहिली. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं. खडा आणि दाणा ती कधीपासून बोटांनीच ओळखत होती, हे तेव्हा कळलं. याद्या ताडून बघताना मी तिच्यासमोरच ते नाव खोडलं.

तिला पगार ठेकेदार देतो. तिने रजा मागितली, दिवाळीची मिठाई मागितली, की आम्ही सांगतो, तू ठेकेदाराची. त्या दिवशी मात्र मी तिला मिलची ठरवली.

“काऊन जी मॅडम, मी चिचगडची नाई का?”

मालकांशी बोलते, असं मी तिला म्हणाले. डायरीत तशी ओळही लिहिली. मालक म्हणाले, सीझन संपू द्या. सीझन संपला, दुसरा आला. ती ओळ मी दर आठवड्याला नव्या पानावर उतरवत राहिले. मधल्या काळात तिच्या तांदळात खडे सापडू लागले, म्हणून तिला झाडझुडीला लावलं. त्या बदलीच्या कागदावर सही माझीच.

यंदा शिबिर सौंदडला आहे. तिची बहीण तिथे दिलेली, म्हणून विचारलं, गावात सांगशील का? ती भुसा झाडत होती. झाडू थांबला नाही.

“बोर्ड लावा ना मॅडम. ज्याईले दिसते ते वाचतीन.”

मी टेबलाशी परत आले आणि यादीतल्या खुर्च्या कमी केल्या.